ग्रीस जळायचे दिवस

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरीन काउंटी लागते. ऑक्टोबर 1976 मध्ये या एका काउंटीच्या नावावर दोन गोष्टी जमा झाल्या. तिकडे वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसने पॉइंट रेयसच्या समुद्रकाठची पंचवीस हजारांहून जास्त एकर जमीन ‘विल्डरनेस’ म्हणून राखून ठेवली. म्हणजे इथे यापुढे रस्ता होणार नाही, इमारत उठणार नाही, इंजिनाचा आवाज येणार नाही. आणि इकडे 21 तारखेला, डोंगराच्या अलीकडच्या अंगाला असलेल्या फेअरफॅक्स गावाच्या माथ्यावर, जीन्स आणि जाड बूट घातलेली काही पोरं जुनाट सायकली घेऊन जमली आणि कच्च्या रस्त्याने खाली सुटली. कायदा करणाऱ्यांच्या गावीही ही पोरं नव्हती. आणि पोरांचं म्हणाल तर त्या उतारावर त्यांना पुढच्या वळणापलीकडचं काही सुचत असेल असं वाटत नाही.

तो रस्ता म्हणजे पाइन माउंटनवरचा एक फायर रोड. आपल्याकडे वनखातं जाळरेषा काढतं त्याच जातीचा, वणवा विझवायची गाडी जाईल एवढा रुंद. साधारण दोन मैलांत तेराशे फूट उतार. सायकली श्विन कंपनीच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या, भंगारातून उचललेल्या. जाड टायरची वीस-वीस किलोंची धुडं. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागायचा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून त्याचा धूर निघायचा. मग हब उघडा, पुसा, पुन्हा ग्रीस भरा. या ‘रीपॅक’ करण्यावरूनच रस्त्याचं नाव रीपॅक पडलं. पहिली शर्यत ॲलन बाँड्स जिंकला, कारण न पडता खाली पोचलेला तो एकटाच होता. पुढे घड्याळ लावून एकेकाला थोड्या थोड्या अंतराने सोडायची पद्धत आली. गॅरी फिशरने 4 मिनिटं 22 सेकंदांत तो उतार कापला, आणि तो विक्रम त्याच्याच नावावर राहिला.

वेंडी क्रॅग नावाची एक मुलगी त्यांच्यात होती. ती स्वतः शर्यतीत उतरायचीच, शिवाय गळ्यात कॅमेरा असायचा. आज त्या दिवसांबद्दल जे काही गोड-गोड लिहिलं-बोललं जातं ते निम्मंअधिक तिच्या फोटोंच्या जिवावर. फोटोत हेल्मेट नाही, धुळीने माखलेले चेहरे आहेत आणि मागे गवताळ डोंगर. फोटोत सगळ्यात जास्त काय दिसतं तर रिकामी जागा.

यातूनच पुढचा सगळा धंदा उभा राहिला. जो ब्रीझने 1977 मध्ये डोंगरासाठी म्हणून मुद्दाम सांगाडा बनवला. ती पहिली ब्रीझर आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 1979 मध्ये ‘माउंटनबाइक्स’ नावाने दुकान थाटलं, सांगाडे टॉम रिची बनवून द्यायचा. 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर आली आणि कारखान्यातून हजारोंनी माल निघू लागला. गियरची कल्पना मात्र निव्वळ मरीनकरांची नव्हे. 1974 साली कूपर्टिनोहून ‘मॉरो डर्ट क्लब’ची काही पोरं मरीनमधल्या एका शर्यतीला जाड टायर आणि गियर असलेल्या सायकली घेऊन आली होती. कूपर्टिनोत आता मराठी शाळा भरते. तिथे पोरांना सोडायला येणाऱ्या आईबापांना मी हे अधूनमधून सांगतो. ते मान डोलावतात.

मी 1985 साली पुण्याहून बर्कलीला शिकायला आलो. म्हणजे दोन्ही अर्थांनी वर्षभर उशिरा. रीपॅकची शेवटची शर्यत 1984 मध्ये होऊन गेलेली. आणि त्याच 1984 मध्ये अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसने विल्डरनेसमध्ये सायकलींना नि:संदिग्ध बंदी घालून टाकलेली. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सायकल ठाऊक होती. लहानपणी तासावर भाड्याने घेतलेली, मग कॉलेजात वडिलांची ॲटलास, कॅरिअरवर डबा आणि वही. रविवारी आम्ही सिंहगडला जायचो तेव्हा आतकरवाडीत कुणाच्या तरी अंगणात सायकली लावायच्या, त्या घरच्या आजींना सांगायचं आणि गड पायी चढायचा. सायकल सपाटीवर चालवायची आणि डोंगर पायाने चढायचा, यात काही ठरवण्यासारखं आहे असं कधी मनातही आलं नाही.

त्यामुळे बर्कलीतल्या एका वर्गमित्राने सेकंडहँड स्टंपजंपर माझ्या हातात दिली आणि टॅमलपायस डोंगरावर नेलं, तेव्हा मी पहिला तासभर नुसता हसत होतो. टॅम (इथे सगळे त्याला टॅमच म्हणतात) उंचीने फार नाही, अडीच हजार फुटांच्या जरा वर. पण तो समुद्रातून एकदम उठतो. अर्धा चढून मागे वळलं की खाडी, पूल, शहर. पलीकडे उतरलं की रेडवुडची जंगलं आणि धुकं. आम्ही रविवारी सकाळी निघायचो. संध्याकाळपर्यंत भेटलेली माणसं हातांच्या बोटांवर मोजता यायची. घोड्यावरून जाणाऱ्या बाई थांबून विचारायच्या, हे कसलं टायर? हातात काठी घेतलेले आजोबा थांबून उत्तर द्यायचे, मला माहितीय, माझा नातू फिरवतो. वाट चुकायची, कारण नकाशा घडी घालून घालून घडीवरच फाटलेला. मग एखाद्या फाटकाशी बसून सँडविच खायचं आणि धुकं हटायची वाट पाहायची.

हे सगळं गोड आहे, आणि मला ते तसंच आठवायला आवडतं. पण त्या काळातही भांडण सुरू झालेलं होतं, हे आज जुन्या आठवणी काढणारे सोयीस्कर गाळतात. टॅमचा बराच भाग हा मरीनच्या पाणीपुरवठा खात्याचं पाणलोट क्षेत्र आहे. हे खातं 1912 सालचं. डोंगरातल्या तलावांचं पाणी गावांना जातं. तिथे सायकलींना फायर रोड मोकळे आणि अरुंद पायवाटा बंद. फायर रोडवरही ताशी पंधरा मैलांची मर्यादा, आंधळ्या वळणावर पाच. ऐंशीच्या दशकात रेंजर झाडाआड रडारगन घेऊन उभे राहायचे. डोंगरात सायकलवाल्याचा वेग मोजायला पोलिसी रडार! मुंबई-पुणे रस्त्यावर तेव्हा ट्रकचाही वेग कुणी असा मोजत नव्हतं.

टॅमवर मला सगळ्यात आवडणारी वाट म्हणजे ओल्ड रेलरोड ग्रेड. 1896 ते 1930 या डोंगरावर आगगाडी चढायची, 281 वळणं घेत. जगातली सर्वांत वाकडी रेल्वे अशी तिची जाहिरात असे. माथेरानची गाडी 1907 सालची, म्हणजे ही तिच्याहून अकरा वर्षांनी थोरली. फरक इतकाच की माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला बंदी राहिली आणि गाडी जगली. इथे डोंगरावर मोटाररस्ता गेला, एक मोठा वणवा लागला, आणि गाडी संपली. रूळ उचलले, उरला तो सौम्य चढाचा कच्चा रस्ता, सायकलला बेतून काढल्यासारखा. त्या रुळांच्या काठी 1904 मध्ये बांधलेली वेस्ट पॉइंट इन ही लाकडी धर्मशाळा अजून उभी आहे. तिथे मोटार जात नाही, वीज नाही. स्वयंसेवक ती चालवतात आणि दमून आलेल्याला सरबत मिळतं. चालणारे आणि सायकलवाले एकमेकांकडे न बघता एकाच बाकावर बसलेले मी तिथे पाहिले आहेत.

या बाकावर बसणाऱ्या सायकलवाल्यांना मला नेहमी मरिनसेलोची गोष्ट सांगावीशी वाटते. साठच्या दशकात गोल्डन गेटच्या उत्तर टोकाला, समुद्रावरच्या त्या उघड्या टेकड्यांवर, तीस हजार वस्तीचं एक नवं शहर वसवायचा घाट घातला गेला होता. टॉवर ठरले, प्रवेशाची कमान उभी राहिली, आत जाणारा प्रशस्त रस्ता खोदला गेला. गावातल्या लोकांनी कोर्टकचेऱ्या केल्या, सभा घेतल्या, आणि अखेर 1972 मध्ये ती जमीन नेचर कन्झर्व्हन्सीकडे आणि तिथून राष्ट्रीय उद्यानात गेली. शहरासाठी खोदलेला तो रस्ता आज मरिनसेलो ट्रेल म्हणून ओळखला जातो, आणि त्यावर दिवसभर सायकली चढत असतात. रीपॅकच्या पोरांना जी रिकामी जागा मिळाली ती आपोआप रिकामी राहिलेली नव्हती. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या, पायाने चालणाऱ्या, बऱ्याचदा कटकट्या वाटणाऱ्या माणसांनी ती बिल्डरच्या हातून सोडवून घेतलेली होती. आणि हीच माणसं पुढे सायकलींच्या विरोधात उभी राहिली, तेव्हा पोरांना ती फक्त म्हातारी आणि खडूस दिसली.

कायद्याचं थोडं सांगायला हवं. विल्डरनेस ॲक्ट 3 सप्टेंबर 1964 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने झाला. त्याचा मसुदा हॉवर्ड झानायझर यांनी लिहिला. आठ वर्षांत त्याची साठाहून अधिक वेळा फेरमांडणी झाली, आणि सही होण्याच्या चारच महिने आधी ते गेले. सुरुवातीला 91 लाख एकर जमीन या कायद्याखाली आली. आज ती 11 कोटी एकरांच्या पुढे आहे, त्यातली निम्मी एकट्या अलास्कात. कायद्याने मोटार, मोटारबोट, विमान उतरवणं आणि कुठलंही यांत्रिक वाहन यांना मज्जाव केला. सायकलीचा उल्लेख नव्हता. 1964 साली डोंगरात सायकल कोण घालणार होतं? मग फॉरेस्ट सर्व्हिसने 1966 मध्ये नियम केला त्यात सजीव ताकदीवर न चालणारं ते यांत्रिक, असा अर्थ निघत होता. नंतरच्या नियमांत तो फिरला. आणि 1984 मध्ये सायकल स्पष्ट बाहेर गेली. सायकलवाल्यांचे वकील अजूनही 1966 चा नियम काढून दाखवतात. मोंटानातल्या रॅटलस्नेक विल्डरनेसच्या 1980 सालच्या कायद्यात तर सायकल चालवणं चालण्या-घोड्याच्या पंगतीत काँग्रेसने स्वतःच बसवलं होतं, हेही ते सांगतात. आणि घोडा? तो आजही विल्डरनेसमध्ये चालतो, नालांसकट. ओल्या मातीत घोड्यांचा तांडा गेल्यावर वाटेचं काय होतं ते पाहिलेल्या माणसाला टायरच्या रेघेची फार चिंता वाटू नये.

असं असूनही मी या प्रश्नात बंदीच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण माती नाही. कारण अंतर आहे. पॉइंट रेयसला बेअर व्हॅलीची वाट आहे. सायकलने तीन मैलांच्या जरा पुढे जाता येतं, मग ग्लेन कॅम्पचा फाटा येतो, तिथे सायकली अडकवायला एक लोखंडी रॅक आहे, आणि पुढे समुद्रापर्यंत पायी. सायकलने मी ते पहिले तीन मैल वीस मिनिटांत संपवतो. तेवढंच अंतर चालत गेलो तर एक तास, आणि मुलगी लहान असताना दोन तास. पंचवीस-तीस हजार एकर म्हणजे तसं काय, सायकलवर एका दिवसात इकडून तिकडे. चालणाऱ्याला तेच रान तीन दिवस पुरतं. जी जमीन वाढवता येत नाही ती मोठी ठेवण्याचा मला सुचणारा एकच मार्ग म्हणजे तिच्यातून हळू जाणं. आतकरवाडीला सायकल ठेवणाऱ्या माणसाला हे पटवायला फार त्रास पडत नाही, हेही खरं.

पण म्हणून रेघ कुठेही मारावी असं नाही. आयडाहोतल्या बोल्डर-व्हाइट क्लाउड्सचं उदाहरण मला अजून टोचतं. तिथल्या अँट्स बेसिन आणि कॅसल डिव्हाइड या उंचावरच्या वाटांवर वर्षानुवर्षं सायकली जात होत्या. प्रदेश राखला जावा ही सायकलवाल्यांचीही मागणी होती. त्यांनी ‘राष्ट्रीय स्मारक’ या दर्जाचा आग्रह धरला, कारण त्यात सायकलीला जागा राहिली असती. राष्ट्राध्यक्ष आपल्या अधिकारात असं स्मारक जाहीर करतील या धास्तीने इतकी वर्षं रखडलेलं विल्डरनेसचं विधेयक झटपट संमत झालं. 7 ऑगस्ट 2015 रोजी ओबामांनी सही केली, 2 लाख 75 हजार एकर राखले गेले आणि त्या दोन्ही वाटा सायकलींना बंद झाल्या. ज्यांनी राखा म्हणून आवाज उठवला त्यांनाच दार लागलं. त्यानंतर काही जणांनी 1964 चा कायदाच बदलायचं मनावर घेतलं, विधेयकंही आली. गंमत म्हणजे डोंगरातल्या सायकलवाल्यांचीच आंतरराष्ट्रीय संघटना, 1988 सालची आयएमबीए, त्यांच्या मागे उभी राहिली नाही. नव्या विल्डरनेसची हद्द आखतानाच जुनी सायकलवाट बाहेर ठेवून घ्यावी, हे तिचं धोरण. कंटाळवाणं, कागदी, नकाशावर बोट ठेवून तासन्‌तास चालणारं काम. मला तेच बरोबर वाटतं.

आताचा टॅम वेगळा आहे. शनिवारी सकाळी आठला फेअरफॅक्समध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही. सायकलींच्या किमती मी पहिली मोटार घेतली तिच्याहून जास्त. वाटा कुणी चुकत नाही, फोन सांगतो. आणि फोनवर प्रत्येक चढाची शर्यत लागलेली असते, सोबतीला कुणी नसलं तरी. रीपॅकच्या काळात चढ हा त्रास होता, पोरं पिकअप ट्रकमध्ये सायकली टाकून वर जायची. आता विजेच्या सायकली आल्या आणि चढ हा प्रश्नच उरला नाही. ऑगस्ट 2019 मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत खात्याच्या मंत्र्यांनी आदेश काढला, की राष्ट्रीय उद्यानांत जिथे साधी सायकल चालते तिथे विजेचीही चालू द्यावी. विल्डरनेस तेवढा त्यातून सुटला. ‘आम्ही घामावर चालतो, इंजिनावर नाही’ हा सायकलवाल्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा त्यामुळे लंगडा पडला. माझ्या वयाच्या, गुडघे गेलेल्या एका मित्राला मात्र याच बॅटरीने पुन्हा वेस्ट पॉइंटच्या बाकावर आणून बसवलं. त्याच्यासमोर मी हा मुद्दा मांडत नाही.

अरुंद पायवाटेवर कायदेशीर सायकल चालवायची असेल तर फेअरफॅक्सच्या वर टॅमारँचो आहे. ही बॉय स्काउट्सची खासगी जमीन. पास काढायचा, दहाएक मैल मनसोक्त फिरायचं. जिथे डोंगरातली सायकल जन्मली असं गाव मिरवतं, तिथे पायवाटेवर ती चालवायला स्काउटांना पैसे भरावे लागतात. गावात 2015 पासून सायकलींचं संग्रहालयही आहे. तिथे त्या श्विन धुडांपुढे उभं राहून लोक सेल्फी काढतात. मला तिथे तो हब उघडून ठेवलेला पाहायला आवडला असता, ग्रीसच्या वासासकट, पण संग्रहालयं वास ठेवत नाहीत.

सगळ्यात मोठा बदल मुलांचा. 2001 मध्ये बर्कलीच्या सरकारी हायस्कूलमधून शाळांच्या माउंटन बायकिंग संघांच्या लीगची सुरुवात झाली, आणि आता ते देशभर पसरलं आहे. आमची मुलगी शाळेत असताना अशाच एका संघात होती. रविवारी पहाटे सायकल गाडीवर चढवायची, डब्यात पोळीचा रोल, आणि शर्यतीच्या ठिकाणी शेकडो मुलं. या मुलांनी सराव करायचा कुठे? रुंद रस्त्यांवर, ताशी पंधरा मैलांनी. की लपूनछपून पायवाटांवर? आमच्या वेळी नियम थोडे होते असं आम्ही म्हणतो. खरं तर माणसं थोडी होती.

2024 मध्ये मरीनच्या पाणीपुरवठा खात्याने पाणलोटातल्या काही अरुंद वाटा सायकलींसाठी प्रायोगिक तत्त्वावर खुल्या करायचा ठराव केला. लगेच काही निसर्गसंस्था कोर्टात गेल्या. दोन्ही बाजूंना मी ओळखत असलेली माणसं आहेत, आणि दोन्ही बाजू एकाच डोंगराची शपथ घेतात. आमच्या घरातही दोन बाजू आहेत. मी आता बहुतेक वेळा चालतो. मुलगी अजून सायकल चालवते, आणि ती ठरावाच्या बाजूची.

परवा जेवताना मी तिला टाहो तलावाचा दाखला दिला. तिथे टाहो रिम ट्रेलच्या एका भागावर सायकलींना फक्त सम तारखांना सोडतात, विषम तारखा निव्वळ चालणाऱ्यांच्या. टॅमवर हेच करा, म्हटलं. पुण्यात आम्ही लक्ष्मी रोडवर पी-वन, पी-टू बघून स्कूटर लावायचो, सम तारखेला या बाजूला, विषमला त्या. सगळा पुणेकर समाज त्यावर चालला, तुम्हाला काय अवघड आहे?

तिने भात कालवता कालवता हिशेब केला. “एकतीस पण विषम आणि एक पण विषम. मग वर्षाला तुम्हा चालणाऱ्यांचे सात दिवस जास्त होतात, बाबा. आधी ते परत कर, मग बोलू.”